खर्च तुमचा, टक्के आमचे

जुन्या फ्लॅटची दुरुस्ती काढली की ठेकेदार दोन तऱ्हांनी पैसे मागतो. एक तर सगळ्या कामाचा मिळून एक आकडा सांगतो किंवा बाबवार दर देतो. नाही तर म्हणतो, ‘जो खर्च होईल तो द्या, वर आमचे १५ टक्के.’ या दुसऱ्या तऱ्हेला धंद्यात कॉस्ट प्लस म्हणतात. ती सचोटीची की नुसतीच ठेकेदाराच्या सोयीची, यावर खालचे दोघे भांडताहेत. मामा सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. नोकरीभर मोजमाप पुस्तकं तपासली. भाची सिव्हिल इंजिनिअर, पुण्यात जुन्या फ्लॅटांची कामं घेते. मामांच्या मित्राचा (भाची त्यांना काका आणि त्यांच्या पत्नीला काकू म्हणते) कोथरूडमधला, १९९० च्या सुमारास बांधलेला दोन बेडरूमचा फ्लॅट सध्या तिच्या हाती आहे आणि तिचं ताजं बिल मामांच्या हाती. माणसं कल्पित आहेत, बिलातले आकडे हिशेब समजायला सोपे पडावेत असे घेतले आहेत. नियम आणि कराचे दर मात्र खरे.

मामा: बिल नीटनेटकं आहे, पावत्या जोडल्यात, तारखा आहेत. मला खटकते ती शेवटची ओळ. ‘एकूण खर्च, अधिक १५ टक्के.’ म्हणजे माझ्या मित्राचे जितके जास्त पैसे जातील तितकं तुझं भलं. ४,००० चा नळ लावलास तर तुला ६०० रुपये, १२,००० चा लावलास तर १,८००. नळ बसवायला प्लंबरला वेळ तेवढाच लागतो ना?

भाची: तेवढाच. पण नळ मी निवडत नाही, काकू निवडतात. मी तीन दाखवते.

मामा: आणि महागडा आधी दाखवतेस.

भाची: मामा!

मामा: तुझ्यावर संशय नाही गं, पद्धतीवर आहे. आणि तो काही माझा एकट्याचा नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सरकारने सैन्याच्या छावण्या याच तत्त्वावर बांधून घेतल्या. उधळपट्टीची इतकी ओरड झाली की त्यांच्या संसदेने चौकश्या लावल्या. दुसऱ्या युद्धाच्या वेळी, १९४१ च्या कायद्यात, खर्चावर टक्के देण्याची पद्धत त्यांनी बंदच करून टाकली. त्यांच्या केंद्र सरकारच्या खरेदीत ती आजही बंद आहे. आपल्याकडे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम बघ. कॉस्ट प्लस करार शक्यतो टाळावेत आणि करावाच लागला तर कारणं आधी लेखी नोंदवावीत, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

भाची: ‘शक्यतो’ म्हटलंय. म्हणजे कधीकधी दुसरा इलाजच नसतो हे नियम लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं. तू नवीन इमारती बांधल्यास, मामा. मोकळी जागा, नकाशा हातात, किती काँक्रीट आणि किती लोखंड ते आधी मोजलेलं. मी भिंतीच्या आत काय दडलंय ते माहीत नसताना काम घेते. काकांच्या बाथरूमचंच घे. वरून बघितलं तर टाइल्स बदलायच्या, एवढंच. फोडल्यावर काय निघालं? जीआयचे पाइप आतून गंजून बोटभर उरलेले. सखल स्लॅबमधला जुना कोबा ओलागच्च. तो उपसला तर खाली स्लॅबची सळई उघडी पडलेली आणि फुगलेली. खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल का येत होती, त्याचं उत्तर तिथे होतं. हे सगळं गृहीत धरून मी आधी कुठला एकच आकडा सांगणार होते?

मामा: दुसरे ठेकेदार सांगतात की.

भाची: सांगतात, कारण ते भविष्य सांगत असतात. आणि भविष्य चुकलं तर नुकसान कोणाचं, तेही त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. हुशार असेल तो अडीअडचणीचे पैसे धरून आकडा फुगवतो. भिंतीत काहीच निघालं नाही तर ते त्याच्या खिशात. हुशार नसेल तो कमी आकडा सांगतो, काम घेतो, आणि स्लॅबची सळई दिसली की वर पटकन सिमेंट मारून कोबा ओततो. दोन पावसाळे जातात. मग खालचे लोक सोसायटीत तक्रार करतात.

मामा: तिसराही असतो. तो कमी आकडा सांगतो आणि फोडाफोड झाल्यावर जादा बाबी काढतो. आमच्याकडे त्या बाबींच्या यादीला ईआयआरएल म्हणत, जादा बाबींची दरयादी. काही ठेकेदार मूळ निविदा तोट्यात भरायचे आणि सगळी कमाई त्या यादीवर करायचे.

भाची: मग? घर अर्धं फोडलेलं, माणसं भाड्याच्या जागेत, त्या वेळी घरमालक घासाघीस करू शकतो का? माझ्या पद्धतीत निदान त्या जादा बाबीचाही खर्च उघडा दिसतो.

मामा: त्यावर आमचा इलाज होता. ब-२ निविदा, बाबवार दराची. किती करायचं ते नक्की नसेना का, दर तर आधी ठरवता येतो? पाइप मीटरला, कोबा चौरस मीटरला, सळईवरची प्रक्रिया चौरस मीटरला. काम करा, मोजा, मोजमाप पुस्तकात चढवा, दराने गुणा. अनिश्चितता फक्त मापात राहते, भावात नाही.

भाची: खात्याच्या कामाला ते चालतं. तुझ्या दरसूचीत काँक्रीटचा दर घनमीटरला. माझ्या बाथरूममधलं काँक्रीट घमेल्यांत मोजावं लागतं. सहा फूट सळईला गंजरोधक लावायला माणूस अर्धा दिवस येतो. लावून वाळायला ठेवतो, दुसऱ्या दिवशी वरचा मॉर्टर मारायला परत येतो. चौरस मीटरच्या दराने त्याला रिक्षाचं भाडंही सुटत नाही. म्हणून तो दर सांगताना चौपट सांगतो. रिक्षा मीटरने नेतात तसं आहे हे. कुठे जायचंय तेच नक्की नसेल तर भाडं ठरवून बसण्यात काय अर्थ?

मामा: आणि मीटरवाला लांबून नेतो त्याचं काय?

भाची: नेतो. म्हणून प्रवाशाने रस्ता बघत बसायचं.

मामा: हे बरोबर बोललीस, आणि हेच माझं म्हणणं आहे. ठोक आकड्यात घरमालक एकदाच डोकं लावतो, सही करताना. तुझ्या पद्धतीत त्याला दर आठवड्याला डोकं लावावं लागतं. बरं, बघतोच रस्ता. या टाइल्स. ५ बाय ८ चं बाथरूम, टाइल्स ७ फुटांपर्यंत. भिंतींचा घेर २६ फूट, म्हणजे १८२ चौरस फूट. दाराचे साडेसतरा वजा केले, राहिले साधारण १६४. दोन्ही बाथरूमचे मिळून ३२९. कापाकापीची तूट ८ टक्के धरली तरी ३५५. १ बाय २ च्या टाइलचं खोकं १० चौरस फुटांचं, म्हणजे ३६ खोकी लागतात. बिलात ४० आहेत.

भाची: चारांतली दोन काकांच्या माळ्यावर ठेवलीत. पुढे कधी एखादी टाइल तडकली तर त्याच बॅचची, त्याच छटेची मिळत नाही. उरलेली दोन दुकानात परत गेली, त्यांची क्रेडिट नोट पुढच्या आठवड्यात येईल. आली की बिलातून वजा, त्यावरच्या १५ टक्क्यांसकट.

मामा: हे बिलात लिहिलेलं नाही.

भाची: लिहीन.

मामा: लिहीच. कारण कॉस्ट प्लसमध्ये परतीच्या मालाचा हिशेब हाच पहिला गळतो. दुसरा गळतो तो कमिशनचा. दुकानदार पावती पूर्ण भावाची फाडतो आणि ठेकेदाराला मागाहून काहीतरी देतो. प्लायवाल्याचं तेच, दिव्यांच्या दुकानाचं तेच. रंगाच्या डब्यातून रंगाऱ्यासाठी टोकन निघतात. वर्षभर ठरावीक माल उचलला तर सहल. आता तुझ्या ‘खर्चा’त पावतीवरचा आकडा आहे की तुझ्या खिशातून खरोखर गेलेला?

भाची: पावतीवरच सूट घेते. मला मिळणारा भाव काकांना मिळतो, वर माझे टक्के. टोकन रंगाऱ्याचं, त्याला मी हात लावत नाही. ते त्याच्या मजुरीचाच भाग आहे असं तोही धरतो. राहिली ती वर्षाअखेरची सूट. ती एका साइटच्या नावाने वाटता येत नाही, मामा. बारा घरांच्या मालावर मिळून येते.

मामा: मग ती तुझ्याकडे राहते.

भाची: राहते.

मामा: मग करारात तसं लिहून टाक. घेण्यात पाप नाही, सांगितलं नाही तर आहे.

भाची: मान्य. पण त्या हिशेबाने ठोक आकडेवाल्याला कोणी विचारतं का रे, की तुला प्लायवर किती सुटले? त्याचा नफा झाकलेला म्हणून पवित्र, आणि माझा उघडा म्हणून त्याच्यावर भिंग!

मामा: त्याचं कारण साधं आहे. त्याला सूट मिळाली तर ती त्याची, कारण भाव चढला तर तोटाही त्याचा. तुझ्या पद्धतीत तोटा मित्राचा, तेव्हा सूटही मित्राची. जोखीम ज्याची, फायदा त्याचा. यावरूनच मी तुझ्या १५ टक्क्यांकडे येतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर विश्लेषणात ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्केच धरलेत, साडेसात अधिक साडेसात. तू म्हणशील, बघ, सरकारी दरच घेते. पण तो ठेकेदार आपलं भांडवल गुंतवतो, काम मोजून झाल्यावर चालू बिल मिळतं, त्यातूनही अनामत कापून घेतात. तुझं काय? मित्राचे १ लाख तुझ्याकडे आगाऊ पडून, आणि दर शनिवारी खर्च झाला तेवढे तो पुन्हा भरतो. भांडवल त्याचं, जोखीम त्याची, आणि टक्के मात्र तेवढेच?

भाची: त्याच्या एका इमारतीवर एक देखरेख, माझ्या एका मोरीवर एक देखरेख. कामाची रक्कम लहान म्हणून माझ्या चकरा कमी होत नाहीत. सोसायटीत काम दहा ते सहा, दुपारी ठोकाठोक बंद, लिफ्टमधून गोणी न्यायची नाही, राडारोडा जिन्यात ठेवायचा नाही. मिस्त्री तीन मजले चढून सिमेंट नेतो. शिवाय १५ टक्के म्हणजे माझ्या हातात १५ नाहीत. काका ११५ देतात त्यातले १५, म्हणजे १३ टक्के. त्यातून ऑफिस, नकाशे, हिशेबनीस, माझी गाडी, आणि काम संपल्यावर वर्षभरात कुठे गळलं तर पुन्हा येणं.

मामा: ते सगळं १५ मध्ये बसतं, ठीक. मग हा सुपरवायझर खर्चात कसा? ‘साइट सुपरवायझर, अर्धा पगार.’ आणि त्यावरही १५ टक्के. देखरेखीसाठी टक्के, देखरेख करणाऱ्याचा पगार वेगळा आणि पगारावर पुन्हा टक्के!

भाची: तो रोज तिथे असतो. अर्धा दिवस काकांकडे, अर्धा कर्वेनगरच्या कामावर, म्हणून अर्धा पगार.

मामा: खर्च कशाला म्हणायचं, त्याचा एक नियम कर. ज्याची पावती किंवा हजेरी या एकाच घराच्या नावाने दाखवता येते तो खर्च. जे दाखवता येत नाही ते तुझ्या टक्क्यांत. त्या नियमाने सुपरवायझर अर्धा खर्चात बसतो, घे. टेम्पोची खेप? मंगळवारची राडारोड्याची खेप पूर्ण लावलीयेस. टेम्पो भरायला दोन बाथरूमचा राडा पुरला?

भाची: नाही पुरला. कर्वेनगरचाही होता.

मामा: मग अर्धी खेप. बिल नीट वाचायचं ते असं. आणि ही हजेरी. गेल्या आठवड्यात गुरुवार-शुक्रवार फरशीवाला मिस्त्री आणि दोन बिगारी. फरशी तर बुधवारीच बसली होती.

भाची: एका बाथरूमचा उतार चुकला होता. पाणी ओतून बघितलं तर कोपऱ्यात थांबत होतं, जाळीकडे जात नव्हतं. फोडून पुन्हा बसवली. ठोक आकडेवाल्याने तसंच ठेवलं असतं, कारण फोडण्याचे पैसे त्याच्या खिशातून जातात.

मामा: आणि तू फोडलीस, कारण ते माझ्या मित्राच्या खिशातून जातात!

भाची: … बरं, ते दोन दिवस माझे.

मामा: आणि वाया गेलेल्या टाइल्स, सिमेंट?

भाची: तेही माझे. पण मग हेही लिहू की काकूंनी कमोडची जागा एक वीत सरकवायला सांगितली आणि जोडलेली लाइन उखडावी लागली, ते पैसे काकूंचे, टक्क्यांसकट. चूक माझी असेल तर माझा खर्च. मन बदललं तर घरचा.

मामा: लिहू, पण मन बदलल्याचं व्हॉट्सॅपवर तरी असायला हवं, त्याच दिवशी, अंदाजी आकड्यासह. महिन्याने ‘तुम्हीच म्हणाला होतात’ चालणार नाही. आणि मजुरी अशी हजेरीवर कशाला लावतेस? हजेरीवरचा मिस्त्री दिवस भरतो. फुटावरचा मिस्त्री काम भरतो.

भाची: फुटावरचा घाईत भरतो, मामा. टाइल्सखाली मसाला पोकळ राहतो, ठोकून बघितलं की डबडब वाजतं. म्हणून जे मोजता येतं आणि वरून तपासता येतं, म्हणजे रंग, भिंतीच्या टाइल्स, पीओपी, ते मी फुटावर देते. जे झाकलं जाणार, म्हणजे वॉटरप्रूफिंग, पाइप, वायरिंग, ते हजेरीवर. तिथे घाई नको असते. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी तुंबवून ठेवतात, खाली ओल येत नाही ना बघतात. तेवढा वेळ पुढचं काम अडून राहतं. फुटावरचा माणूस तेवढं थांबत नाही.

मामा: हे मला पटलं. आता कर. इथे तर खरी मेख आहे. तुझी जीएसटी नोंदणी आहे?

भाची: असणारच. सेवेसाठी वर्षाला २० लाखांची मर्यादा. माझ्या बिलात माल धरला जातो, म्हणून तीन-चार फ्लॅट केले की ती ओलांडते.

मामा: मग टाइल्सची किंमत १ लाख आणि १८ टक्के कर धरून पावती १,१८,००० ची. तुझ्या खर्चात कोणता आकडा?

भाची: १ लाख. ते १८,००० मला इनपुट क्रेडिटमधून परत मिळतात, तो माझा खर्चच नाही. १ लाखावर १५ टक्के, १,१५,०००. त्यावर १८ टक्के, एकूण १,३५,७००.

मामा: आणि लबाड काय करतो? १,१८,००० ला खर्च म्हणतो. १५ टक्के लावले की १,३५,७००. त्यावर आणखी १८ टक्के कर, १,६०,१२६. एकाच खोलीच्या टाइल्सवर २४,४२६ रुपये जास्त! कर दोनदा आणि करावर नफा.

भाची: यातली गंमत बघितलीस का? नोंदणी नसलेला छोटा ठेकेदार १,१८,००० वर १५ टक्के लावतो आणि वर कर लावत नाही. त्याचं बिलही १,३५,७००. म्हणजे मालाच्या बाबतीत नोंदणीवाला महाग पडतो हा समज खोटा आहे, हिशेब सरळ असेल तर. फरक पडतो मजुरीत. ३ लाखांची मजुरी, माझ्या टक्क्यांसह ३,४५,०००, त्यावर कर ६२,१००. मिस्त्री काही मला कराची पावती देत नाही, तेव्हा वजावट शून्य. तिथून ‘बिल नको, रोख घ्या’ सुरू होतं.

मामा: आणि माणूस फसतो. ६२,००० वाचले म्हणून खूश. उद्या फ्लॅट विकताना भांडवली नफ्यातून सुधारणेचा खर्च वजा करायचा म्हटलं तर कागद नाही. काम बिघडलं तर महारेरा नुसत्या दुरुस्तीत पडत नाही. जायचं ते जिल्हा ग्राहक आयोगात, आणि तिथे पहिला प्रश्न, पैसे दिल्याचा पुरावा काय?

भाची: बघ, शेवटी तूच माझी बाजू घेतोस. पावत्या, हजेरी, क्रेडिट नोटा, हे सगळं माझ्याच पद्धतीत बाहेर येतं.

मामा: बाहेर येतं, पण वाचायला कोणीतरी लागतं. आज मी वाचलं तेव्हा परतीची खोकी, अर्धी खेप आणि दोन दिवसांची हजेरी निघाली. माझ्या मित्राने नुसती बेरीज तपासून पैसे दिले असते. तू लबाड नाहीस. तरी एवढं निघालं. प्रत्येकाला बांधकाम खात्यातला मित्र नसतो. उघडा हिशेब ही सचोटीची हमी नव्हे. तो तपासण्याची मुभा आहे, आणि ती वापरायला वेळ लागतो, जाण लागते.

भाची: मग तुझा ठोक आकडा तरी काय देतो? तपासण्यापासून सुटका, बस. आणि त्या सुटकेची किंमत त्या आकड्यात धरलेली असते.

मामा: असू दे. काहींना ती परवडते. पण मघापासून एक विचार घोळतोय. अमेरिकेने खर्चावर टक्के बंद केले; खर्च अधिक ठरलेली फी मात्र चालू ठेवली. तुझा अंदाज ९ लाखांचा होता ना? त्याचे १५ टक्के १,३५,०००. तेवढी फी आजच पक्की कर. मग काकू ४,००० चा नळ घेवोत की १२,००० चा, तुझे पैसे तेवढेच.

भाची: आणि काम १४ लाखांवर गेलं तर? काकूंनी मध्येच स्वयंपाकघराची भिंत पाडायची ठरवली तर?

मामा: नवी खोली, नवी भिंत, नवं काम आलं तर फी वाढेल. नळ बदलला म्हणून नाही.

भाची: ठीक. पण मग तू वर एक कमाल मर्यादाही मागशील.

मामा: मागणारच. १० लाख. त्यापुढचा खर्च तुझा.

भाची: आज नाही देणार. घरातल्या उरलेल्या भिंती न फोडता मर्यादा मागणं म्हणजे पुन्हा भविष्य सांगायला लावणं. माझं म्हणणं ऐक. उरलेल्या कामाचे तीन तुकडे करू. पहिला, फोडाफोड आणि आतलं सगळं उघडं पाडणं. ते निव्वळ हजेरीवर, खर्चाने. आत काय आहे ते दिसलं की दुसरा तुकडा, पाइप, वॉटरप्रूफिंग, वायरिंग, टाइल्स. त्याचं मोजमाप तेव्हा करता येतं, आणि तेव्हा मी कमाल मर्यादा लिहून देते. तिसरा तुकडा काकूंच्या आवडीचा, नळ, बेसिन, दिवे. ते काकांनी स्वतः दुकानात जाऊन घ्यावेत. मी टक्के लावणार नाही. आणणं, तपासणं, बसवणं याचे नगावर पैसे घेईन. पण त्यांनी आणलेला नळ गळला तर दुकानदाराकडे तेच जातील.

मामा: म्हणजे जिथे दिसत नाही तिथे खर्चाने, दिसतं तिथे मर्यादेने, आवडीनिवडीचं त्यांच्याच हाताने. हे मी खात्यात कधी केलं नाही, पण चुकीचं दिसत नाही.

भाची: एक राहिलं. मर्यादा १० लाख आणि काम साडेनऊ लाखांत झालं, तर वाचलेले ५०,००० कोणाचे?

मामा: मित्राचे. पैसे त्याचे.

भाची: मग मी प्लायवाल्याशी घासाघीस कशाला करू? निम्मे माझे.

मामा: निम्मे? उधळपट्टी केली नाही म्हणून बक्षीस?

भाची: घासाघीस केल्याची मजुरी. तूच म्हणालास ना, जोखीम ज्याची फायदा त्याचा. मर्यादेच्या वरचा तोटा आता माझा आहे.

मामा: … एक तृतीयांश. आणि मर्यादा फुगवून सांगितली नाहीस हे बघायला अंदाजपत्रक आधी मी तपासणार.

भाची: एक तृतीयांश, आणि सुपरवायझर खर्चातच राहील. करारात घालते. पण तू दर शनिवारी येऊन बिलं तपासणार, त्याचे पैसे कोण देणार?

मामा: ते खर्चात धर. फक्त त्यावर टक्के लावू नकोस.